शिफारस की वशिला?

दर सोमवारी जगभरातील कोट्यवधी श्रोत्यांच्या हाती तीस गाण्यांची एक यादी ठेवली जाते. स्पॉटिफाय या स्वीडनमध्ये जन्मलेल्या कंपनीने २०१५ सालच्या जुलै महिन्यात ही प्रथा सुरू केली. यादी प्रत्येकाची निराळी. ती कोणी माणूस बसून तयार करीत नाही, यंत्र करते. श्रोत्याने कोणते गाणे पुन्हा पुन्हा ऐकले, कोणते अर्ध्यावर टाकले, कोणते जपून ठेवले, याची नोंद घेऊन त्याला अद्याप ठाऊक नसलेली परंतु आवडू शकतील अशी गाणी यंत्र हुडकून काढते, असे सांगितले जाते. कंपनीचे भाट याला संगीताचे लोकशाहीकरण म्हणतात. पूर्वी म्हणे चार कंपन्यांचे अधिकारी आणि चार रेडिओ निवेदक मिळून जगाने काय ऐकावे ते ठरवीत. आता कोणीही तरुण आपल्या खोलीत गाणे मुद्रित करतो आणि ते थेट दुसऱ्या खंडातील श्रोत्याच्या कानी पडते. मधला माणूस गेला, दारे सताड उघडली!

ही निव्वळ मखलाशी आहे. मधला माणूस गेला हे खरे. त्याच्या जागेवर कोण येऊन बसले, हे मात्र साळसूदपणे लपविले जाते.

'शिफारस' हा शब्द मराठीत दोन तोंडांनी बोलतो. ‘अमक्याचे गाणे ऐकून पाहा’ असे मित्र मित्राला सांगतो तेव्हा ती शिफारस असते. ‘साहेबांची शिफारस आणा, मग बघू’ असे कारकून म्हणतो तेव्हा त्याच शब्दाचा अर्थ वशिला असा होतो. पहिल्या प्रकारात सांगणाऱ्याची अब्रू पणाला लागते. गाणे टाकाऊ निघाले तर पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकणार नाही. दुसऱ्या प्रकारात पणाला काहीच लागत नाही, देवघेव होते. नव्या, स्वतंत्र, पर्यायी म्हणविल्या जाणाऱ्या संगीताच्या बाबतीत आज जगभर जे चालले आहे, ते पहिल्या शिफारशीचे नाव लावून दुसरी विकण्याचे काम आहे.

डाव्या चळवळीतील पुष्कळ जण या विषयाकडे तुच्छतेने पाहतात. गिटार घेतलेल्या पोरांची गाणी, महानगरांतील मध्यमवर्गीयांची चैन. शेतमालाला भाव नाही, हाताला काम नाही, आणि चर्चा कसली तर कोणते गाणे कोणी सुचवावे याची! हा आक्षेप वरवर कणखर वाटतो. वस्तुतः तो आळशी आहे. ज्या संगीताला 'इंडी' हे लाडके नाव पडले त्याचा इतिहास हा काही केशभूषेचा किंवा वाद्यांच्या गोंगाटाचा इतिहास नव्हे. उत्पादनाची आणि वितरणाची साधने कोणाच्या ताब्यात असावीत, या प्रश्नाचा तो इतिहास आहे. स्वतःला मार्क्सवादी म्हणविणाऱ्याला तरी हा प्रश्न परका वाटू नये.

पाचशे पौंडांची उसनवारी

१९७० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये रेकॉर्ड काढायची म्हणजे ई.एम.आय., डेक्का, सी.बी.एस. अशांच्या दारात ताटकळत उभे राहायचे, असाच रिवाज होता. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या चमूने सुमारे पाचशे पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती हातोहात संपल्या. पुढल्याच वर्षी लंडनमधील एका तरुण चमूने आपल्या पहिल्या तबकडीच्या कव्हरवर ध्वनिमुद्रणाला किती, तबकड्या दाबून घ्यायला किती, लेबले छापायला किती खर्च आला याचा हिशेबच छापून टाकला. उद्देश उघड होता: हे गुपित नाही, हे कोणालाही करता येते. या चमूचे नाव स्क्रिटी पोलिटी. ग्राम्शीच्या राजकीय लेखनाला वाहिलेली ती मोडक्यातोडक्या इटालियनमधील मानवंदना होती. ज्यांना हे संगीत म्हणजे बुर्झ्वा पोरांचे थेर वाटतात त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

पण माल तयार झाला म्हणजे तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतोच असे नाही. दुकाने, गोदामे, गाड्या मोठ्या कंपन्यांच्या दावणीला बांधलेल्या. येथे खरी लढाई झाली. जेफ ट्रॅव्हिस याने १९७६ साली पश्चिम लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात रफ ट्रेड नावाचे दुकान काढले. दुकान सहकारी पद्धतीने चाले. काम करणाऱ्यांना सारखे वेतन मिळे. गल्ल्यामागचा माणूस स्वतः ऐकणारा असे. नवी तबकडी लावून दाखवी, ‘हे ऐका’ म्हणे. पुढे यॉर्कचे रेड ऱ्हायनो, लिव्हरपूलचे प्रोब, ब्रिस्टलचे रिव्हॉल्व्हर, नॉरिचचे बॅक्स, एडिंबरोचे फास्ट फॉरवर्ड अशी गावोगावची दुकाने रफ ट्रेडशी जोडली गेली आणि त्यांनी आपले वितरणाचे जाळे उभारले. त्याला त्यांनी थट्टेने 'कार्टेल' असे नाव दिले. मक्तेदारांचाच शब्द मक्तेदारांवर उलटविण्याची ती खोडी होती.

१९८० च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र रेकॉर्डांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात प्रवेशाची अट संगीताच्या शैलीची नव्हती. तबकडीचे वितरण बड्या कंपन्यांच्या यंत्रणेबाहेरून झालेले असावे, एवढीच अट. याच नियमामुळे पुढे त्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोग या लोकप्रिय गायिकेची नाचाची गाणी त्या यादीच्या शिरोभागी गेली आणि दाढीवाले रसिक संतापले. त्यांचा संताप हास्यास्पद होता, नियम बरोबर होता. 'स्वतंत्र' या विशेषणाला तेव्हा काही अर्थ होता. आज तेच विशेषण एखाद्या अत्तराच्या बाटलीवर लावावे तसे शैलीचे नाव म्हणून लावले जाते.

सुईचे तास

आता शिफारशीकडे. बी.बी.सी.च्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत जॉन पील या निवेदकाने रात्रीच्या वेळी नवे संगीत ऐकविले. अनोळखी पोरांनी टपालाने पाठविलेल्या टेपा तो ऐके. बेलफास्टमध्ये टेरी हूली याचे गुड व्हायब्रेशन्स नावाचे छोटे दुकान होते. सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या त्या शहरात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पोरे तेथे एका छपराखाली जमत. त्याच नावाच्या लेबलाखाली हूलीने डेरी शहरातील अंडरटोन्स या चमूची तबकडी काढली. १९७८ साली पीलने त्यातील एक गाणे लागोपाठ दोनदा वाजविले. ते कानी पडल्यावर एका अमेरिकी कंपनीने त्या चमूशी करार केला. द फॉल हा मँचेस्टरचा चमू तर त्याच्यासाठी चोवीस वेळा ध्वनिमुद्रण करून गेला.

हे सारे एका विक्षिप्त, रसिक माणसाच्या दिलदारपणाची कहाणी म्हणून सांगण्याची पद्धत आहे. उदारमतवादी समीक्षकांना अशा कहाण्या फार आवडतात. त्यांत व्यक्ती असते, संघटना नसते. परंतु पीलच्या कार्यक्रमात चार हजारांहून अधिक 'सेशन्स' झाली ती का झाली, हे विचारले की कहाणीचा दुसरा भाग उघडा पडतो.

ब्रिटनमधील वादकांच्या म्युझिशियन्स युनियनला फार पूर्वीच कळून चुकले होते की रेडिओवर दिवसभर तबकड्याच वाजू लागल्या तर जिवंत वादकाची रोजी जाईल. रेकॉर्ड कंपन्यांनाही आपला माल फुकट झिजविला जाण्याची धास्ती होती, हे खरे. त्यांचा स्वार्थ वेगळा होता. या दोहोंच्या दबावातून 'नीडल टाइम'चे, म्हणजे सुईच्या तासांचे, करार झाले. बी.बी.सी.ने दिवसाकाठी ठरावीक तासच तबकडीवर सुई ठेवायची. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना स्टुडिओत बोलवायचे आणि ठरलेल्या दराने मेहनताना द्यायचा. मेडा व्हेलच्या स्टुडिओत सकाळी एखादा अपरिचित चमू यायचा, सहसा चार गाणी एका दिवसात मुद्रित करायचा, पैसे घेऊन परत जायचा. कित्येकांच्या बाबतीत ते आयुष्यातील पहिलेच नीट ध्वनिमुद्रण असे. जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, पी. जे. हार्वी ही नावे ज्या सेशन्समुळे घरोघर पोहोचली, त्या सेशन्सचा पाया वादकांच्या संघटनेने झगडून मिळविलेल्या एका अटीत होता. सुईचे तास १९८८ साली संपुष्टात आले. कारण सांगितले गेले ते ओळखीचेच: या अटी स्पर्धेच्या आड येतात!

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की येथे शिफारस आणि मजुरी एकाच व्यवहारात बांधलेली होती. ज्याची शिफारस व्हायची त्याला त्याच दिवशी मेहनताना मिळे. शिफारस करणाऱ्याला पगार मिळे तो सार्वजनिक निधीतून, रेकॉर्ड कंपनीच्या खिशातून नव्हे.

याचा अर्थ तो काळ सुवर्णयुग होता असा कोणी काढू नये. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर सबंध देशातील होतकरू चमूंनी डोळे लावून बसावे, हे काही निरोगी नव्हते. कार्टेलही भांडवली बाजारातच पोहत होते आणि त्याच बाजारात बुडाले. रेड ऱ्हायनो १९८८ साली गेले, रफ ट्रेडची वितरण शाखा १९९१ साली कोसळली आणि तिच्याकडे पैसे अडकलेली अनेक छोटी लेबले सोबत ओढली गेली. १९९२ साली क्रिएशन या नावाजलेल्या स्वतंत्र लेबलाने आपला एकोणपन्नास टक्के हिस्सा सोनीला विकला. भांडवलाच्या महासागरात सहकाराची बेटे फार काळ टिकत नाहीत, हे यातून दिसलेच. पण बेट बुडाले म्हणून तेथे कोणी जमीन कसलीच नव्हती, असे म्हणणे म्हणजे इतिहासाशी बेइमानी होय.

पेओला आणि तिचा नातू

वशिल्याची कहाणी अमेरिकेत अधिक स्वच्छ दिसते. तेथे रेडिओवर गाणे लावण्यासाठी निवेदकाला गुपचूप पैसे देण्याच्या प्रथेला 'पेओला' म्हणत. १९५९ साली काँग्रेसच्या समितीपुढे हे प्रकरण गाजू लागले. १९६० साली कायद्यात दुरुस्ती होऊन न सांगता पैसे घेऊन प्रसारण करणे गुन्हा ठरले. ॲलन फ्रीड या गाजलेल्या निवेदकाने १९६२ साली गुन्हा कबूल केला आणि १९६५ साली तो उद्ध्वस्त अवस्थेत वारला. निवेदक बळी गेला. पैसे चारणाऱ्या कंपन्या शाबूत राहिल्या. इतक्या शाबूत की २००५ आणि २००६ साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्याच आरोपाखाली त्यांना पुन्हा पकडले, तेव्हा सोनी-बीएमजीने एक कोटी, वॉर्नरने पन्नास लाख आणि युनिव्हर्सलने एक कोटी वीस लाख डॉलर भरून तडजोडी केल्या.

तो कायदा मात्र रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरता. इंटरनेटवरून गाणी पुरविणाऱ्या कंपनीला तो लागू नाही. या फटीतून काय आत शिरले, ते पाहा. २०२० सालच्या नोव्हेंबरमध्ये स्पॉटिफायने 'डिस्कव्हरी मोड' नावाची योजना जाहीर केली. कलावंताने किंवा त्याच्या लेबलाने एखादे गाणे या योजनेत घातले तर यंत्र त्याला झुकते माप देते: श्रोत्याची निवडलेली गाणी संपल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या मालिकेत, 'रेडिओ' नावाच्या यादीत ते पुढे सरकविले जाते. मोबदला? त्या ठिकाणी ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या स्वामित्वधनातून तीस टक्के कंपनी कापून घेते. ऐकणाऱ्याला यातील काहीही दिसत नाही. पुढ्यात आलेले गाणे आवडीच्या अभ्यासातून आले की कापलेल्या मजुरीतून आले, हे त्या गाण्यावर कोठेही लिहिलेले नसते.

कंपनीचे म्हणणे असे की आगाऊ पैसे कोणी मागत नाही, गरीब कलावंतालाही यात उतरता येते, आणि सारे ऐच्छिक आहे. बदली कामगारालाही कोणी गेटवर बळजबरीने उभे करीत नव्हते! शेजारी कमी मजुरीवर काम करायला तयार झाला की उरलेल्यांची 'इच्छा' काय किमतीची राहते, हे कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सगळ्यांनीच आपले गाणे योजनेत घातले तर पुढे कोणीच सरकणार नाही, सगळ्यांची मजुरी तेवढी तीस टक्क्यांनी उतरेल. पुन्हा आगाऊ पैसे न मागण्यात मेहेरबानी कसली? सावकारही पीक हाती आल्यावरच वसुली करतो.

मजुरी मुळात आहे किती? एकदा गाणे ऐकले गेले की हक्कधारकांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे एका सेंटच्या निम्म्याहूनही कमी रक्कम येते. आणि ती तरी सर्वांना कोठे! २०२४ च्या आरंभापासून असा नियम झाला की मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन मुळीच मिळणार नाही. त्याचा वाटा उरलेल्यांत वाटला जाईल. अशी गाणी कोट्यवधी आहेत हे कंपनीनेच मान्य केले. तिचे समर्थन असे की एकेका गाण्याच्या वाट्याला महिन्याला सरासरी तीनच सेंट येत आणि ते मधल्या खर्चातच विरून जात. तीन सेंट ही क्षुल्लक रक्कम खरीच. पण अशा क्षुल्लक रकमांची बेरीज वर्षाला कोट्यवधी डॉलर होते, आणि ती खालून वर जाते, वरून खाली येत नाही. नवे गाणे म्हणजे, व्याख्येनेच, अजून फारसे न ऐकले गेलेले गाणे. नव्या गाण्यांचा शोध लावून देतो अशी जाहिरात करणाऱ्याने नव्या गाण्याचीच मजुरी बुडवावी, यातील विनोद त्याच्या भाटांना कळत नसेल असे नाही.

याही पलीकडची पायरी अशी की कलावंतच नको. 'झोपेसाठी', 'कामात लक्ष लागावे म्हणून' अशा नावांच्या याद्या लाखो लोक पार्श्वभूमीला लावून ठेवतात. त्या याद्यांत स्वस्तात घाऊक बनवून घेतलेले, बनावट नावांचे संगीत कसे भरले जाते, याचा तपशील अमेरिकी पत्रकार लिझ पेली यांनी २०२५ सालच्या आपल्या 'मूड मशीन' या पुस्तकात दिला आहे. त्याआधी २०२२ साली स्टॉकहोमच्या 'दागेन्स नीहेटर' या दैनिकाने पाचशेहून अधिक 'कलावंतां'मागे सुमारे वीसच संगीतकार असल्याचे उघड केले होते. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात व्हेल्व्हेट सनडाउन नावाच्या 'चमू'ला महिन्याकाठी दहा लाखांवर श्रोते मिळाले, तेव्हा कळले की चमूत माणूसच नाही. गाणी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केलेली. दीझर या फ्रेंच कंपनीने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सांगितले की तिच्याकडे दररोज येणाऱ्या गाण्यांपैकी अठरा टक्के, म्हणजे वीस हजारांहून अधिक, पूर्णपणे यंत्रनिर्मित असतात.

येथे कोणी म्हणेल: यंत्राला दोष का? पुष्कळदा ते चांगले गाणेही सुचविते. सुचविते, हे निर्विवाद. पण ते कशाच्या जोरावर? कोट्यवधी सामान्य श्रोत्यांनी स्वतःच्या हाताने बनविलेल्या याद्या हा त्या यंत्राचा कच्चा माल. कोणी एकीने आपल्या मैत्रिणीसाठी दहा गाणी एकापुढे एक लावली, कोणी आजारी भावासाठी, कोणी मोर्चाच्या आदल्या रात्री जागता यावे म्हणून. ‘हे गाणे आवडणाऱ्याला तेही आवडेल’ हे ज्ञान त्या माणसांचे आहे. यंत्र ते गोळा करते आणि मालकाच्या नावे परत विकते. मृत श्रम जिवंत श्रमावर स्वार होतात असे मार्क्सने दाखवून दिले; ते कापडगिरणीपुरते होते अशी कोणाची समजूत असेल तर तिने येथे डोळे उघडावेत.

आणि त्या यादीवर मालकी कोणाची? भारतात रेसो ही सेवा २०२४ च्या जानेवारीत बंद झाली. त्याच वर्षी एअरटेलची विंकही गुंडाळली गेली. कंपनीच्या ताळेबंदाने श्रोत्याच्या कपाटाचे दार बाहेरून लावले. दुकान बंद झाले तरी विकत घेतलेली कॅसेट निदान घरी राहत असे.

आरेतील गाणे

स्पॉटिफाय २०१९ च्या फेब्रुवारीत भारतात आली. चित्रपटगीतांच्या अवाढव्य सावलीत या देशात स्वतंत्र गाण्याला आधीच जागा तोकडी. त्याच वर्षी मुंबईत, मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्याविरुद्धचा लढा तापला असताना, स्वदेसी या रॅप गाणाऱ्या चमूने आरेतील आदिवासी कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. शीर्षक वाचताच गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि १९४५ ते १९४७ चा ठाणे जिल्ह्यातील उठाव आठवला नाही असा मराठी कम्युनिस्ट विरळा. त्या उठावाची आठवण मुंबईच्या पोरांच्या तोंडी, वारली माणसाच्या स्वरासह, नव्या तालावर पुन्हा आली. हे गाणे पक्षाच्या किती सभासदांनी ऐकले? बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, दिल्लीत राहणाऱ्या मराठी कॉम्रेडांपैकी किती जणांना ते कोणी सांगितले?

हे यंत्र सांगणार नाही. यंत्राच्या लेखी जो श्रोता जुनी नाट्यगीते ऐकतो त्याला रॅप आवडण्याची शक्यता कमी. त्याने 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचले आहे, त्याच्या घरी तलासरीच्या मोर्चाची गोष्ट सांगितली जाते, ही माहिती यंत्राकडे नाही आणि असली तरी तिच्यातून कमाई नाही. ती माहिती असते शेजारच्या माणसाकडे. एकेकाळी अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाची गाणी गिरणगावातून खेड्यापाड्यांत गेली ती अशीच, सुटीवर गावी जाणाऱ्या कामगाराच्या तोंडून. ‘मुंबईत एक गाणे ऐकले, म्हणून दाखवतो’ ही त्या काळची शिफारस. आजच्या कार्यकर्त्याने तरुणांना शाहिरी ऐकवावी, हे योग्यच. पण तरुणांनी सुचविलेले गाणे पूर्ण संपेपर्यंत स्वतः ऐकावे, हेही तितकेच आवश्यक आहे. नाक मुरडून तिसऱ्या मिनिटाला उठणाऱ्या नेत्यांची वाण नाही.

जेथे हे श्रम करणारे संघटित झाले आहेत तेथे चित्र निराळे दिसू लागले आहे. अमेरिकेत २०२० साली वादकांची व संबंधित कामगारांची नवी युनियन उभी राहिली. दर श्रवणामागे एक सेंट द्या, हिशेब खुला करा, पैसे घेऊन गाणी पुढे सरकविणे थांबवा, अशा मागण्यांसाठी तिने २०२१ च्या १५ मार्चला जगातील अनेक शहरांत स्पॉटिफायच्या कचेऱ्यांपुढे निदर्शने घडवून आणली. तिच्या पाठपुराव्याने २०२४ च्या मार्चमध्ये रशिदा त्लैब यांनी वादकांच्या जीवनवेतनाचे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले. त्या काँग्रेसची मुदत संपेपर्यंत ते मंजूर झाले नाही. २०२५ च्या जूनमध्ये स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने हेलसिंग या युद्धसामग्रीच्या कंपनीत साठ कोटी युरो ओतले गेले, तेव्हा डिअरहूफसारख्या स्वतंत्र चमूंनी आपली गाणी तेथून काढून घेतली. सप्टेंबरमध्ये ब्रिस्टलच्या मॅसिव्ह ॲटॅकनेही तीच मागणी केली. श्रोत्यांच्या वर्गणीतून ड्रोन बनावेत, हे त्यांना मान्य नव्हते.

पर्याय म्हणून सहसा बँडकॅम्पचे नाव घेतले जाते. तेथे श्रोता गाणे विकत घेतो आणि कंपनी साधारण दहा ते पंधरा टक्केच ठेवते. २०२० च्या मार्चपासून ठरावीक शुक्रवारी तेही सोडून देते. त्याशिवाय तेथे नव्या संगीताविषयी रोज लिहिणारी माणसे पगारावर होती. जगाच्या कानाकोपऱ्यातील अनोळखी रेकॉर्ड ऐकून तिच्याविषयी चार शब्द सही करून लिहायचे, हे त्यांचे काम. २०२२ साली कंपनी एपिक गेम्सने विकत घेतली. २०२३ च्या मेमध्ये कामगारांनी ३१ विरुद्ध ७ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. त्याच शरद ऋतूत एपिकने कंपनी साँगट्रेडरला विकली, आणि ऑक्टोबरच्या मध्याला निम्म्या कामगारांना नारळ मिळाला. युनियनच्या वाटाघाटी समितीत निवडून आलेला एकही जण नव्या मालकाने कामावर ठेवला नाही. काढलेल्यांत नव्या संगीताची शिफारस लिहिणारेही होते.